बादलीला सांगितलेलं

४ फेब्रुवारी, मंगळवार

काय हसले लोक! माझ्या शेजारची बाई तर रुमाल तोंडात कोंबून हसत होती. स्टेजवर माझा मुलगा एकटा, हातात माईक, आणि समोर माणसंच माणसं. नुसतं उभं राहून लोकांना हसवायचं, हा त्याचा धंदा. आधी मी म्हणायची, हा काय धंदा झाला! आता वाटतं, डॉक्टर तरी दुसरं काय करतो.

सगळ्यात मोठा हशा बादलीला. सूनबाई कामावरून आली की बाथरूममध्ये जाते, नळ सोडते आणि बादलीला दम देते. "वर बघ! फोन ठेव खाली! मी बोलतेय ना!" मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत असते, मला सगळं ऐकू येतं. आता बादलीच्या हातात कुठला आला फोन! मी सकाळी चहाला मुलाला सांगितलं, त्याने स्टेजवर सांगितलं. म्हणजे अर्ध्या टाळ्या माझ्याच की!

नात म्हणते, "आजी, तू बाबांची बातमीदार." सात वर्षांची आहे. जीभ माझ्यावर गेली आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बादलीचं ते सगळं मोबाइलवर आलं. घरोघरी गेलं.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आज एका गिऱ्हाइकाने यंत्रावर हनुवटी टेकली आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच ना त्या बादलीवाल्या?" दुकानात सगळे हसले. मालकसुद्धा.

तिने हे घरी येऊन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "अगं म्हणजे चाललाय की विषय!"

ती भाजी चिरत होती ती चिरत राहिली. भांडी आपटली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडण म्हणजे निदान माणूस घरात आहे.

नंतर बाथरूममध्ये गेली. आज नळ सोडला नाही. आतून आवाजही नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सूनबाई गेली. नातीला घेऊन. दुकानाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली आहे म्हणे. म्हणजे आधीपासून बघून ठेवली होती!

जाताना मला म्हणाली, "आई, गुडघ्याचं मलम वरच्या फळीवर आहे. स्टुलावर चढू नका, त्याला काढायला सांगा." एवढंच. मी तोंड उघडून उभी. एरवी माझं तोंड मिटत नाही, आणि आज एक शब्द फुटेल तर शपथ.

८ फेब्रुवारी, शनिवार

मुलगा म्हणतो, "येईल गं चार दिवसांत." पण जेवला नाही. खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालतो. पुढच्या शनिवारी मोठा शो आहे. एक तास बोलायचं, आणि हातात पस्तीस मिनिटांचंच आहे. तिकिटं सगळी गेली. "घरात कोणी नाही, तर विनोद काय भिंतींवर करू?"

मग माझ्या शेजारी येऊन बसला. हात हातात घेतला. बरं वाटलं हो! म्हणाला, "आई, आठव ना. आणखी काय काय म्हणायची ती बादलीला?"

मी म्हटलं, आठवत नाही.

खोटं लिहू नये. सगळं आठवतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल-आज मीच गंमती केल्या. टीव्हीचा रिमोट फ्रिजमध्ये ठेवला आणि घरभर शोधला. दोन पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला घालून वाण्याकडे गेले. शेजारणीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मनात म्हटलं, माझ्यावर हसू दे त्याला, सुनेला सोडू दे.

मुलाला सांगितलं. म्हणाला, "हे जुनं झालं, आई. सगळ्यांच्या आया हेच करतात."

घ्या! आता वेंधळेपणासुद्धा नवा आणायचा.

माझं लग्न झालं तेव्हा मी चौथी शिकलेली आणि फिदीफिदी हसणारी. सासूबाई म्हणायच्या, हिला दात दाखवायची हौस फार. नवरा तर असा, की हसला तर त्याचे दात मोजता यावेत म्हणून मी वाट बघायची! गेला बिचारा, मोजायचे राहिले. मग हा मुलगा निघाला हसरा. लहानपणी मी काही सांगितलं की जमिनीवर लोळायचा. अजूनही सकाळी चहाला बसतो माझ्याजवळ, अर्धा तास. का बसतो? मी गोष्ट सांगते म्हणून बसतो. ज्या दिवशी माझ्याकडे गोष्ट नसते त्या दिवशी उभ्यानेच चहा पितो.

हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. गोष्ट मिळावी म्हणून मी बाथरूमच्या दाराशी घड्या घालत बसायची. चार कपडे असायचे, त्यांना अर्धा तास लागायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सूनबाईच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं बसलेली. तिने मला पाहिलं, तोंड गोरंमोरं झालं. मालक बघत होता म्हणून म्हणाली, "या आजी, बसा, नंबर बघू." मला, आजी! परक्या बाईसारखं. मी बसले. तिने तो जड लोखंडी चष्म्याचा सांगाडा माझ्या नाकावर बसवला आणि एकेक काच घालायला लागली.

"हे स्पष्ट की हे?"

मी हळूच म्हटलं, "बादलीचं मीच सांगितलं गं त्याला."

"माहीत आहे. हे स्पष्ट की हे?"

"दोन्ही पुसट."

"डोळे पुसा आधी."

पुसले. तिने काच बदलली. मग अगदी जवळ येऊन विचारलं, "तुम्हाला किती ऐकू यायचं?"

"सगळं."

"सगळं?"

"नळ सोडायचीस तरी."

तिचा हात माझ्या कानाजवळ थांबला. म्हणाली, "मग एकदा तरी दार का नाही वाजवलंत, आई? बादलीशी बोलत होते मी. तुमच्याशी बोलले नसते का?"

समोरच्या पाटीवरची मोठी अक्षरंसुद्धा दिसेनात. तिने हातात चिठ्ठी दिली, नंबर बदलला आहे म्हणाली. आणि हळूच, "आता तरी त्याला बाकीचं काही सांगू नका. आहे ते एवढंच माझं उरलंय."

मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं!!

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे गावाला माहीत, तर मी शब्द द्यावाच का? पण मला वाटलं, त्याने तिचं बादलीशी बोलणं नीट ऐकलं तर चप्पल न घालता धावत जाईल तिला आणायला. गोष्ट म्हणून नाही सांगितली. दार लावलं, त्याला समोर बसवलं. म्हटलं, हसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. आणि जसं ऐकलं तसं सांगितलं —

"फोन ठेव. वर बघ. मी घरात शिरले की तू माझ्याकडे बघतोस, पण आज हिच्यात काय सापडतंय म्हणून बघतोस. एकदा नुसतं बघ. मला तुझ्यापुढे रडायची भीती वाटते. रडले तर तू लिहून घेशील."

डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, मी पाहिलं, आईच्या डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, जिंकले!

मग त्याने खिशातून पेन काढलं.

"शेवटचं परत सांग, आई. 'रडले तर' — पुढे?"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाया पडायची बाकी ठेवली मी. स्टेजवर नको सांगूस म्हटलं. तो म्हणतो, "मी चांगल्या अर्थाने सांगणार आहे. तिलाही कळेल मला समजलं ते." कुठून आणतात ही उत्तरं!



१६ फेब्रुवारी, रविवार

काल शो झाला. मी गेले. तो म्हणाला नको, तुझे गुडघे दुखतील. मी म्हटलं दुखू देत.

पाऊण तास बरा गेला. मग बादली आली. फोन, वर बघ, सगळं. आणि मग म्हणाला, "बायको बादलीला सांगते, मी नवऱ्यापुढे रडत नाही, रडले तर तो लिहून घेईल." हॉल एकदम शांत. त्याने मुंडी खाली घातली. आणि म्हणाला, "मी म्हटलं, अगं, रड की! फक्त हळू रड, मला भरभर लिहिता येत नाही!"

हॉल फुटला.

आणि मी हसले. देवा, मीही हसले! मोठ्याने. माझाच आवाज मला ऐकू आला.

मग मी उठून उभी राहिले. कशी राहिले माहीत नाही. ओरडले, "हसू नका! खरं आहे ते! ती गेली आहे घर सोडून!"

तर लोक आणखी हसले. वाटलं, आम्ही दोघांनी मिळून बसवलंय. पुढचा एक जण तर उठून टाळ्या वाजवायला लागला. मी म्हणते, "अरे माझी सून आहे ती!" — हशा! "गप रे तू!" — हशा! मुलगा वरून म्हणाला, "ही माझी आई. सगळं हिच्याकडूनच चोरलंय. टाळ्या होऊन जाऊ देत!"

एवढा मोठा हॉल माझ्यासाठी टाळ्या वाजवत होता. जन्मात कोणी वाजवल्या नव्हत्या. खोटं का लिहू, एक क्षण, एकच, गोड वाटलं. मेलं ते गोड वाटणं!

घरी येताना तो किती खूश! "आई, काय वेळ साधलीस! पुढच्या शनिवारी तिथेच उभी राहा. अगदी हेच बोल. शब्द बदलू नकोस."

मी म्हटलं, "अरे, मी खरंच ओरडत होते."

"तेच तर! म्हणून तर एवढं भारी झालं."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईचा फोन.

"मोबाइलवर पाहिलं मी. उभ्या राहिलात ते."

"हो गं."

"आणि त्याला सांगितलंतही तुम्हीच."

"हो."

मागून नात विचारत होती, "आजी आहे का? आजीला हसवू का?" मग फोन बंद.

सकाळी चहाला मुलगा येऊन बसला होता. मी काहीच बोलले नाही. पाच मिनिटांत कप घेऊन उठला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बॅग घेऊन सुनेच्या जिन्यात जाऊन बसले. निघताना मुलाने विचारलं, "आई, मग शनिवारचं काय?" कुठे चाललीस, हे नाही विचारलं.

सहाला ती आली. मला बघून दोन पायऱ्या खालीच थांबली.

"किती दिवसांसाठी?"

"तू हाकलेपर्यंत."

हसली नाही. बॅग मात्र तिने उचलली.