जास्वंद घरात का आणली

माधव नगर, उज्जैन
२३ नोव्हेंबर २०२५

चि. सुलू,

अनेक आशीर्वाद. थोरलीने धाकटीला पत्र लिहिताना ते आधी लिहायचे असतात, म्हणून लिहिले. आज मनातून आलेले नाहीत, एवढं समजून घे.

इकडे थंडी पडायला लागलीय. यांचा गुडघा बरा आहे. विलासरावांची तबियत सुधारली असेल. तुझ्याकडे परागच्या लग्नाची धांदल असणार. फोनच करणार होते, पण माझा आवाज चढला की तू "ताई, नेटवर्क नाहीये गं" म्हणून कट करतेस. पत्र एकदा हातात पडलं की वाचावंच लागतं.

आधी जास्वंदीचं. मागच्या महिन्यात मी फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो टाकला, तेव्हा तू सगळ्यांसमोर लिहिलंस, "ताई, त्या झाडाला घरात कशाला कोंडलंयस? जास्वंदीला ऊन लागतं, इतकंही कळत नाही का?" खाली कोणीकोणी हसलंही.

कळतं गं बाई. शेजारच्या शर्मीनबाईही सांगून गेल्या, "आंटी, गुड़हल है, धूप में रखो, मर जाएगा." मरायलाच टेकलं होतं. गच्चीवरून खाली आणल्यावर पंधरवड्यात अर्धी पानं पिवळी पडून गळाली. कळ्या यायच्या, वाटाण्याएवढ्या व्हायच्या आणि देठासकट खाली पडायच्या. मग पानांच्या बगलेत पांढरा, कापसासारखा किडा लागला. आमच्या मृण्मयीने तो ओल्या फडक्याने एकेका फांदीवरून पुसून काढला, वरून कडुनिंबाचं तेल फवारलं. आठ दिवसांनी परत तेच. घरात माती लवकर सुकत नाही, हेही आम्हाला मुळं कुजायला लागल्यावर समजलं. आता वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालत नाही.

यांनी कुंडीखाली चाकांची फळी करून घेतली. सकाळी उजाडलं की हे ती ढकलत बाल्कनीत नेतात. दक्षिणेची बाल्कनी आहे, दहापर्यंत चांगलं ऊन खाते. मग परत आत. टावर चौकातून झाडांसाठीचा एलईडी दिवा आणलाय, तो दुपारभर तिच्यावर असतो. डॉक्टरांना विचारूनच आणला. सत्तरीचा माणूस रोज दोनदा ती कुंडी ढकलतो, सुलू. हौस म्हणून नाही.

तू विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता देते.

मे महिन्यात मी बँकेत गेले होते आणि हे भोपाळला. झाड तेव्हा गच्चीवरच होतं. मृण्मयीनेच लावलेलं, तुला माहीत आहे. भैरवगढला ती कापडछपाईच्या कामाला जायची तेव्हा तिकडच्याच एका अंगणातून फांदी आणली होती तिने. मार्चपासून तिचं गच्चीवर जाणं बंद झालं. मी वर जाऊन आले की विचारायची, "आज किती फुलं?" त्या दिवशी खिडकीतून तिला गच्चीच्या कठड्याबाहेर आलेली फांदी मलूल होऊन लोंबलेली दिसली. पाणी घालायला गेली. भर दुपारी, मे महिन्यात, उज्जैनच्या उन्हात. पाणी घालून लगेच खाली आली असती तरी एक वेळ निभावलं असतं. पण ही तिथेच बसली. मला नंतर म्हणाली, "आई, इतक्या दिवसांनी ऊन लागलं अंगाला. उठवेचना."

रात्री ताप. सकाळपर्यंत चेहरा, मान, हात सगळं लालभडक, बोटं सुजून मुठी वळेनात. तुझ्याच इंदोरला अॅडमिट केलं होतं तिला. तुझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. आम्ही तुला कळवलं नाही. का कळवलं नाही, ते तुला माहीत आहे, आणि नसेल माहीत तर मी आज सांगणार आहे.

 घरी आल्यावर ती एकदा म्हणाली, "वर सुकून गेलं असेल ना?" तेव्हा हे उठले आणि खालच्या वॉचमनला घेऊन कुंडी घरात घेऊन आले. मुलगी उन्हात जाऊ शकत नाही, तर झाडाने घरात यावं. जगेल की मरेल ते इथे, तिच्या नजरेसमोर. म्हणून कोंडलंय. कळलं?

आता अभिजीतचं.

स्थळ तू आणलंस. चांगलं आणलंस, ते मी कधी नाकारलं नाही. मुलगा सरळ होता, मृण्मयीला आवडला होता. फेब्रुवारीत तिच्या गालांवर चट्टे आले, रिपोर्ट आले, डॉक्टरांनी ल्यूपस म्हणून सांगितलं, ऊन वर्ज्य. मी तुला रडत फोन केला. बहीण म्हणून केला. मी तुला म्हटलं होतं, "मृण्मयी रविवारी इंदोरला येतेय, स्वतः अभिजीतला सांगणार आहे. तोवर तू काही बोलू नकोस." तू म्हणालीस, "मी कशाला बोलू ताई?"

शुक्रवारी तू त्याच्या आईला फोन केलास.

लपवायचं कोणालाच नव्हतं. दोन दिवस थांबायचं होतं फक्त. ते लोक पुढे नाहीच म्हणाले असते, कदाचित. पण तिच्या तोंडून ऐकून म्हणाले असते. तू तेवढंच सांगून थांबली असतीस तरी मी समजले असते की स्थळ तू आणलंस, तुझ्यावर जबाबदारी होती. तू त्यांना सांगितलंस, हिला मूलबाळ होणार नाही. कोणी सांगितलं तुला? आमच्या डॉक्टरांनी तर तोंडावर सांगितलंय, "दवाई चलती रहे, धूप से बचे, बाक़ी ज़िंदगी सबके जैसी. बच्चे भी होंगे, बस प्लान करके." मी तुला हे जसंच्या तसं सांगितलं होतं. तू ते गाळलंस आणि स्वतःचं घातलंस.

अभिजीतचा फोन आला तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. तो एवढंच म्हणाला, "तू मला आधी सांगायला हवं होतंस." ती म्हणाली, "रविवारी सांगणार होते." त्याने विचारलं, "मग मावशींना कसं सांगितलंस?"  ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेचं काय करू मी, सुलू? तुझ्यावर विश्वास मी टाकला होता, किंमत तिने मोजली.

आठ-नऊ महिने मी गप्प बसले. घरात भांडण नको, परागचं लग्न जवळ आलंय, असं हे म्हणत राहिले. मीही ऐकलं. आणि परवा तुझा निरोप आला.

"ताई, लग्न सकाळचं, लॉनवर आहे. खूप ऊन असेल. मृण्मयीला उगाच त्रास नको. भावोजी तिच्याजवळ थांबतील, तू एकटी आलीस तरी चालेल. शिवाय अभिजीतकडचे येणार आहेत, त्यांनाही ऑकवर्ड होईल."

उन्हाचं नाव कशाला घेतेस? शेवटचं वाक्य पहिलं लिहायचं होतंस.

मला वाटलं होतं, मृण्मयीने हे वाचू नये. पण माझा चेहरा बघून तिने फोन काढून घेतला. वाचला. मी म्हटलं, "आपल्यापैकी कोणीच जाणार नाही. बिलकुल नाही." माझा आवाज इतका चढला होता की हे स्वयंपाकघरातून धावत आले. ती मात्र हातातल्या कैचीने जास्वंदीची वाळकी फांदी छाटत होती, ती पुरी छाटली आणि म्हणाली, "मी तर जाणार आहे आई. पराग येऊन गेला."

मलाही तेव्हाच कळलं. गेल्या रविवारी आम्ही दोघं चिंतामण गणपतीला गेलो असताना तुझा मुलगा इंदोरहून एकटा स्कूटरवर आला होता. दोन तास हिच्याजवळ बसला. म्हणाला, "ताई, मला सख्खी बहीण नाही. करवली तू. आई काय म्हणते ते मी बघतो." ही म्हणाली, "चेहऱ्यावर चट्टे आहेत, फोटोत दिसतील." तर म्हणतो, "मेरी शादी है यार, फोटो मेरी देखेंगे कि तेरी?" खूप दिवसांनी हसली ती, हे सांगताना. तुझ्या पोटी असा मुलगा आला, याचं मला आश्चर्य वाटतं आणि तुझा हेवाही वाटतो. हे रागाने लिहीत नाहीये.

तर आम्ही तिघंही येतोय. मंडपाला वरून जाड कापडाचं छत घालून घे. ते तुझ्याने होत नसेल तर पराग करणार आहेच. मृण्मयी पूर्ण बाह्यांचं ब्लाउज शिवून घेतेय, आणि साडी भैरवगढची, तिनेच आखलेल्या नक्षीची. अंतरपाट धरला जाईल तेव्हा हातात करा घेऊन ती परागच्या मागे उभी असेल. अभिजीतच्या आईला अवघडल्यासारखं वाटलं तर वाटू दे.

आणि कोणी तुला विचारलं की करवलीच्या चेहऱ्यावर हे काय आहे, तर तू उत्तर द्यायचंस. विचारलं नसताना इतकं सांगितलंस, आता विचारल्यावर सांग. ल्यूपस आहे म्हण. डॉक्टर जे म्हणाले तेवढंच सांग, त्यात आपल्या पदरचं एक अक्षर घालू नकोस. मी तुझ्या शेजारीच उभी असेन, ऐकायला.

विलासरावांना नमस्कार. परागला पोटभर आशीर्वाद, ते मनापासूनचे.

तुझी बहीण, पण त्याआधी मृण्मयीची आई,
कल्पना