कपाटातला कीबोर्ड

बसू,

मी जुळे सोलापूरला इंद्रायणीकडे चाललेय. चादरीचं डिझाइन आज द्यायचंय, ते तिच्याच कॉम्प्युटरवर पुरं करीन. आपल्या घरच्या टेबलाशी मी आज बसणार नाही.

आपलं जुनं डिझाइनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर सारखं बंद पडतं, म्हणून कुठला तरी व्हिडिओ बघून तू विंडोजच्या एक्सप्लॉइट प्रोटेक्शन नावाच्या सेटिंगमधलं अख्ख्या कॉम्प्युटरचं संरक्षण बंद केलंस. एका खोलीचं दार घासतं म्हणून घरभरच्या कड्या उपटून टाकतं का कुणी? मग कुणाची तरी फाइल उघडून व्हायरस आत घेतलास. वर आप्पांना सांगितलंस, "अक्कानंच कायतरी चाळवलंय की!" आणि मी परत हात लावू नये म्हणून त्यांनी कीबोर्ड कपाटात ठेवून कुलूप घातलं. मला एका शब्दानं विचारलंसुद्धा नाही.

सकाळी मी नुसत्या माऊसवर सगळं निस्तरलंय. व्हायरस काढला, संरक्षण परत चालू केलं. प्रोग्रॅम सेटिंग्जमध्ये जाऊन त्या एका सॉफ्टवेअरपुरतीच सूट दिलीय. आता ते चालतंय. तिथं पुन्हा बोट घालू नकोस.

भाकरी आणि शेंगाची चटणी झाकून ठेवलीय, खाऊन घे. मग आप्पांकडे कपाटाची किल्ली माग आणि ती कशाला हवी ते खरं सांग. मी येईपर्यंत कीबोर्ड टेबलावर नसला, तर मीच सांगेन. आणि मला हळू बोलता येत नाही, गल्लीला माहिताय.

अक्का