औषधभांडारातील ध्वनिमुद्रणाबाबत

प्रति,
मा. संचालक,
कार्यपद्धती व माहिती-प्रणाली संशोधन विभाग

विषय : माझ्या दिवंगत पतींच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, जे माझ्या पतींच्या नावे आले.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करते की, माझे पती रुग्णालयात औषधभांडाराचे प्रमुख होते. भांडारात संगणक आल्यावर कर्मचारी प्रत्यक्षात काम कसे करतात याची माहिती गोळा करण्यासाठी आपल्या विभागाच्या एक संशोधिका त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसत. पतींनी काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायचे आणि खिशाला अडकवलेल्या यंत्राने ते टिपायचे, अशी पद्धत होती.

घरी ते फारसे बोलत नसत. आमचे त्यावाचून काही अडले नाही.

गेल्या हिवाळ्यात खोकी उतरवताना ते भांडारातच गेले. संशोधिका भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "काकू, काका दिवसभर बोलायचे हो." मला वाटले, त्या दुसऱ्याच कोणाबद्दल सांगत आहेत. जाताना त्यांनी पतींचे एक वाक्य सांगितले : "या संगणकाला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते. घरी हिला न सांगता कळतं, म्हणून तिथं तोंड उघडायची वेळच येत नाही." हे सांगितल्याबद्दल संशोधिकेवर कारवाई होऊ नये, ही विनंती.

त्यानंतर मी आपल्याकडे पहिला अर्ज केला. उत्तर आले की, गोपनीयतेसाठी सहभागींची नावे काढून टाकली आहेत, त्यामुळे कोणते मुद्रण कोणाचे हे विभागासही सांगता येत नाही. मी आवाज ओळखीन असे कळवले. त्यावर, ओळखण्यासाठी इतरांची मुद्रणे ऐकावी लागतील व त्यास त्यांची संमती नाही, असे उत्तर आले. दुसऱ्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडला. तेव्हा संदर्भातील पत्र आले. त्यात पतींनी ओळखपत्रासह स्वतः उपस्थित राहावे, असे म्हटले आहे. मी ते घेऊन कार्यालयात आले. खिडकीवरील लिपिकांनी ते दोनदा वाचले व म्हणाले, "बाई, नियम करताना माणूस जिवंत आहे असंच धरलंय. मी तरी काय करू?" त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्यांच्याविषयी तक्रार नाही.

मला अजून रडू आलेले नाही. लोक विचारतात, म्हणून नमूद केले. त्यांचा चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही. मुलीला फोनवर विचारले, तर ती म्हणाली, "बाबा फोन लगेच तुझ्याकडेच द्यायचे."

अभ्यास संपल्याने सर्व मुद्रणे या महिनाअखेर पुसली जाणार, असे समजते. तरी मुद्रण मिळावे ही मागणी मी मागे घेत आहे. पुसण्यापूर्वी प्रत्येक मुद्रण यादीतलेच आहे ना, हे पाहायला कोणीतरी थोडे चालवून बघत असेल. त्या वेळी दार उघडे ठेवावे. मी बाहेर बाकावर बसेन. आत येणार नाही व कोणाचा आवाज ओळखला, हे कोणासही सांगणार नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
औषधभांडार प्रमुखांची पत्नी
दिनांक : ९ मार्च

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत, पतींच्या नावे आलेले पत्र, मूळ.