परसातलं रान आणि भिंतीपलीकडची इस्त्री

२ मार्च
परसाचं रान करायचं ठरवलं. वाचनालयातलं पुस्तक वाचून झालं. (किड्यांचं प्रकरण सोडून. ते सावकाश वाचीन.) त्यात म्हटलंय, गवत कापू नका, आपल्या मातीतली झाडं लावा, की पक्षी आणि फुलपाखरं आपणहून येतात. गवत न कापण्यात मी आधीच सगळ्यांच्या पुढे आहे. आमचे हे गेल्यापासून परसात गवताचं मशीन फिरलेलं नाही. लोक त्याला दुर्लक्ष म्हणत होते. ते रीवाइल्डिंग होतं, म्हणजे जमीन पुन्हा रानाला देणं. लोकांना शब्द माहीत नसतात, तोंड मात्र असतं.

५ मार्च
शेजारचा इस्त्री आला. त्याचं हिरवळीचं अंगण कडक इस्त्री केल्यासारखं दिसतं म्हणून ह्यांनीच ते नाव ठेवलं होतं. हे तोंडावर म्हणायचे आणि दोघं हसायचे. मी पाठीमागे म्हणते आणि हसत नाही.
निरोप आणला होता. कॉलनीच्या कमिटीला सगळ्यांच्या परसातलं गवत काढून फरशी घालायची आहे. उंदीर होतात म्हणे. फक्त ज्या बागेला निसर्ग मंडळाची ‘वन्यजीव बाग’ अशी पाटी मिळेल तिला सूट. मंडळाची पाहणी एप्रिलअखेर. इस्त्री म्हणाला, वहिनी, मी कमिटीत भांडलो म्हणून तेवढी मुदत तरी मिळाली. जसा काही उपकारच. आग लावणारे हात आणि पाणी आणणारे हात एकाच माणसाचे असतात, एवढं मला वाचल्याशिवायही कळतं.
त्या गवतावरून शेवटचं मशीन ह्यांनी फिरवलं होतं, धाप लागत होती तरी. त्यावर फरशी घालायची असेल तर आधी माझ्यावर घाला, असं सांगून दार लावलं.

८ मार्च
परदेशी झाडं हाकलायला सुरुवात. पहिला मान बोगनवेलीला. नणंद मध्ये पडली. माझ्याकडेच राहते आणि माझ्याच मध्ये पडते. म्हणाली, वहिनी, ती मी लावलेली आहे. मी म्हटलं, असेल, पण ती मूळची इथली नाही. त्यावर म्हणते कशी, बटाटाही इथला नाही, मग आजपासून तुझ्यापुरती भाजी करू नको का? तिच्याशी तत्त्वाचं बोलता येत नाही. बोगनवेल निघाली नाही. मला मात्र दोन्ही हातांना पट्ट्या.

११ मार्च
नर्सरीत जाऊन रुई मागितली. नर्सरीवाला हसला. म्हणाला, काकू, ती गटाराकडेला फुकट उगवते, लोक उपटून टाकतात. मी त्याला म्हटलं, लोक काय काय उपटून टाकतात त्यावर जग चालत नाही. मग गटाराकडेला जाऊन स्वतः उपटून आणली. नणंद पिशवी धरून बरीच मागे चालत होती, आमची ओळख नसल्यासारखी.

१६ मार्च
रुई मेली. जी कुठेही, कशीही जगते ती मेली. नणंदेचं मत, पाणी जास्त झालं. माझं मत, काल इस्त्री भिंतीवरून टक लावून बघत होता.

२० मार्च, सकाळी
पक्षी आला! लिंबाच्या पानांवर शीट. एक नाही, बऱ्याच. काळपट, मध्ये पांढरा पट्टा, अगदी ताजी. म्हणजे थवाच असणार. हे लिंबू ह्यांनी बीपासून वाढवलेलं. पक्ष्यांनी बरोबर तेच निवडलं, याला योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा. नणंदेला हाताला धरून नेऊन दाखवलं. चष्मा पुसून पुसून बघत राहिली. जळफळाट.

२१ मार्च
शीट सरकली.
नणंद पायरीवर बसून हसली. उठायला तिला माझा हात लागला, तो मी जरा उशिरा दिला.
अळ्या आहेत. लिंबाची कोवळी पानं ओरबाडून खातायत. चिमट्याने एकेक काढून भिंतीपलीकडे फेकल्या. इस्त्रीकडे जागा भरपूर आहे आणि हिरवळीची गादीही छान आहे.
नणंद म्हणाली, अगं, ती फुलपाखराची पोरं असतील. शक्य नाही. फुलपाखरू इतकं देखणं, त्याचं मूल शिटेसारखं कसं दिसेल? काहीतरी आईबापावर जाईलच की.

२८ मार्च
पाहणीला महिना राहिला. आजवरचा आढावा.
जमिनीत पुरलेल्या पाण्याच्या टबात बेडूक आला. आवाज फार. बादलीत घालून नाल्यावर सोडून आले. गांधीलमाश्यांनी खिडकीवर घर केलं. धूर दिला. एक सरडा आला, माझ्याकडे बघून मान हलवत होता, तो उद्धटपणा मी खपवून घेतला नाही. कावळे येतात, पण कावळा मी पक्ष्यांत धरत नाही.
बाग प्राण्यांसाठी आहे याचा अर्थ कोणीही यावं असा होत नाही. आल्यावर शोभा वाढली पाहिजे.

४ एप्रिल
अळ्या थांबत नाहीत. काही आता हिरव्या आणि बोटाएवढ्या. रोज सकाळचं कामच होऊन बसलंय, चहा, मग फेकाफेक. आज भिंतीवरून हात टाकला तर पलीकडे इस्त्री उभा. चोरी पकडली गेल्यासारखा हसला आणि म्हणाला, रोज वाट बघतो वहिनी.
म्हणजे धमकीच दिली. मीही म्हटलं, बघा, आणखी आहेत.
म्हणाला, येऊ द्या.
असा कोडगा माणूस! ह्यांना यात काय मैत्री करण्यासारखं दिसलं होतं कोण जाणे.

१८ एप्रिल
इस्त्रीच्या बागेत फुलपाखरं. काळी, पिवळ्या ठिपक्यांची, मोठी. माझ्याकडे एक नाही. इतके दिवस मी खपायचं आणि फुलपाखरं त्याने पळवायची. काहीतरी गोड फवारत असणार. खुर्चीवर चढून भिंतीवरून सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं बोलले.
नणंद म्हणाली, वहिनी, उतर खाली, ती तुझ्याच अळ्यांची आहेत.
म्हटलं, मी अळ्या फेकल्या होत्या. फुलपाखरं दिली नव्हती.

२२ एप्रिल
पुस्तक परत करायचं म्हणून किड्यांचं प्रकरण उघडलं. दुसऱ्याच पानावर चित्र आहे, आधी शिटेसारखी अळी, शेजारी तेच काळं-पिवळं फुलपाखरू. छापणाऱ्याची चूक असावी. पुस्तक मिटलं. परत करून आले.
ठराव: उद्यापासून लिंबावरचं काही काढायचं नाही. आज लिंबावर काही उरलेलं नाही.

२६ एप्रिल
पाहणी. मंडळाची मुलगी आली, गळ्यात भिंग, पायात गुडघ्यापर्यंत बूट. आल्या आल्या गवतात पालथी पडली. मला बरं वाटलं. ह्यांच्यानंतर त्या गवताला कोणी इतकं जवळ घेतलं नव्हतं.
पान न् पान उलटून बघितलं. टबात बघितलं. मग विचारलं, काकू, बेडूक? घालवला. गांधीलमाश्या? घालवल्या. अळ्या? मी अभिमानाने सांगितलं, एक सापडणार नाही.
ती म्हणाली, काकू, बाग सुंदर आहे, पण इथे राहतं कोण?
म्हटलं, मी राहते.
तेवढ्यात भिंतीवरून एक फुलपाखरू आलं, तिच्या भिंगावर टेकलं आणि परत गेलं. मागोमाग तीही गेली.
इस्त्रीने आपल्या बाजूला भिंतीलगत लिंबाच्या कुंड्यांची रांग लावली आहे आणि तिथलं गवत गुडघाभर वाढवलंय. मला दिसलं नव्हतं. मी भिंतीवरून फेकताना काय, भांडताना काय, खाली बघत नसे. पाटी त्याला.
तो तिला काय म्हणाला ते नणंदेने येऊन सांगितलं. म्हणाला, याच भिंतीवरून माझा मित्र मला रोपं द्यायचा. तो गेला, तर आता वहिनी रोज अळ्या देतात. देणं बंद पडू दिलं नाही त्यांनी.
सांगताना नणंद सारखी नाक ओढत होती. मी म्हटलं, काढा घे.
जेवले नाही. भूक नव्हती, एवढंच.

२९ एप्रिल
कमिटीचा निर्णय. मला पाटी नाही. पण इस्त्रीने सांगितलं की अळ्या माझ्या बाजूला जन्मतात आणि त्याच्या बाजूला वाढतात, तेव्हा पाटी दोन्हींना धरावी. मुलगी हो म्हणाली. फरशी रद्द. अट अशी की मी परसातून काहीही हाकलायचं नाही, कावळासुद्धा, आणि दर आठवड्याला इस्त्री येऊन बघून जाईल.
म्हणजे ह्यांचं परस आता इस्त्रीच्या बागेचा मागचा भाग. सही केली. गवत राहिलं.
बोलावणार आहे का मी त्याला? येईलच आपणहून.

३ मे, सकाळी
आलाच. हातात डबा, झाकणाला भोकं पाडलेली. म्हणाला, माझ्या कुंड्यांतली पानं संपली वहिनी, काही दिवस तुमच्याकडे ठेवा.
घेतला. चहा विचारला नाही. नणंदेने विचारला.
अळ्या एकेक करून ह्यांच्या लिंबावर ठेवल्या. बसल्याबरोबर खायला लागल्या, मेल्या. कोवळी पानं आधी. तेवढ्यात कुंपणावर कावळा येऊन बसला. हाकलायचं नाही असं लिहून दिलंय. हाकललं नाही.
जेवणवेळेपर्यंत लिंबावर छत्री धरून उभी होते.