दोन्ही दरख्वास्ती माझ्याच हातच्या

वैशाख शु. १२, शके १८३५

हाताचा तुरट वास जात नाही. दिवसभर खळ्यावर सालीचे भारे उलटवीत होतो. गावच्या बाया डोंगरावरून तरवड तोडून आणतात, धोंड्याने ठेचून साल सोडवतात. ती वाळवून मी कातडी कमावणाऱ्या कारखान्याला पाठवतो. सरकारातून डोंगराचा गुत्ता, म्हणजे तोडीचा ठेका, माझ्या नावावर घेतल्याला हे दुसरे वर्ष. सालीचा रस लागला की कोयता काळा पडतो, बायांची बोटेही. सोनाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आण्णा, मेंदी तर तुमी लावून दिली. आता नवराबी तुमीच बघा." पन्नाशीची विधवा आहे ती. सगळ्या हसल्या, मीही.

गेल्या साली पाऊस नव्हता. या कामावर साऱ्या गावाच्या चुली पेटल्या. हे मी स्वतःला फार वेळा सांगतो, असे लक्षात आले आहे.

वैशाख व. ३

कारखान्याचा माणूस आला होता. फांदीची साल पातळ, मुळाची जाड. त्याला मुळाची हवी. मी म्हणालो, आमच्याकडे गुडघाभर बुडखा राखून तोडतात, पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो. तो म्हणाला, पलीकडच्या तालुक्यात मुळासकट काढून देतात, तिकडून घेऊ. पान न घेता उठला.

व. ५

तोडीवरच्या मुकादमाला चिठ्ठी दिली: पंधरा दिवसांपुरती मुळे काढण्यास हरकत नाही. 'पंधरा दिवसांपुरती' खाली रेघ मारली. कोणासाठी मारली? मुकादमाला वाचता येत नाही.

व. ११

भिवबा धनगर वाटेत उभा होता. डोंगराच्या पाठीशी त्याचा मेंढरांचा वाडा, तीन पिढ्यांचा. शेळ्यामेंढ्या तिथल्याच गवतावर. वर नुसते खड्डे पडलेत म्हणाला. मग काठी जमिनीत रोवून:

"आण्णा, तरवडाला शेळीबी तोंड लावत न्हाई. म्हनून तर डोंगरावर तेवढंच ऱ्हायलंय. माती त्यानंच धरलीया. तेबी उपटल्यावर खाली काय येतंय ते बगा."

मी म्हणालो, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे.

"पंधरा दिसांत मानूसबी मरतंय," म्हणाला आणि गेला.

घरी येऊन वनस्पतिशास्त्राचे पुस्तक काढले. पुण्याला कॉलेजात असताना तरवडाचे लॅटिन नाव पाठ होते. पुस्तकात पान आहे, फूल आहे, शेंग आहे. मुळांवर एक ओळ नाही.

ज्येष्ठ व. ८

पंधरा दिवस केव्हाच उलटले. मुकादमाने विचारले नाही, मी सांगितले नाही. कारखाना खूश आहे.

आषाढ शु. ६

परवा दुपारी डोंगरावर जोराचा पाऊस झाला. तांबडा चिखल, मुरूम, खणल्या खड्ड्यांतले गोटे, सगळे एकदम खाली आले. पायथ्याच्या बारवेवर सारे गाव पाणी भरते. तिच्या निम्म्या पायऱ्या गाळात गेल्या, आतला झरा कुठे आहे तेही दिसत नाही. तीन शेतांवर हातभर मुरूम. त्यातले एक सोनाबाईचे.

सौ. सकाळपासून नदीवर दोन खेपा करून आली. पाणी गाळून घेतले तरी हंड्याच्या तळाला तांबडे बसते. तिने हंडा मला दिसेल असा ठेवला, इतकेच.

आषाढ शु. ८

चावडीवर बैठक. पाटील म्हणाले, शेळ्यामेंढ्यांनी डोंगर बोडका केला. सरकारच्या जंगलात खात्याकडे, म्हणजे वनखात्याकडे, दरख्वास्त द्यायची, धनगरांना डोंगर बंद करायचा. सर्वांनी माना डोलावल्या.

शेळी तरवड खात नाही हे ज्याला माहीत नाही असा एकही माणूस तिथे नव्हता. जिथली बाई सालीच्या कामावर आली नाही असे घरही नव्हते. पण कागद वाचणारे शहरातले. त्यांना काय माहीत, शेळी काय खाते.

सरकारी कागद उर्दूतच चालतो, आणि गावात उर्दू लिहिणारा मी एकटा. औरंगाबादेस शाळा शिकलो त्याचा हा उपयोग. पाटलांनी कागद पुढे सरकवला. लिहिले. चांगले लिहिले. एके ठिकाणी शब्द खोडून जास्त नेमका घातला.

गुत्त्याचा विषय कोणी काढला नाही. कोणी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला बरे वाटले. हे आजच लिहून ठेवतो, उद्या मी ते नाकारीन.

आषाढ व. २

वहीची मागची पाने वाचली. असे होईल याची मला कल्पना नव्हती, असे आठवडाभर मनाशी घोकत होतो. वैशाखाच्या पानावर सगळे आहे, भिवबाच्याच शब्दांत, माझ्या अक्षरात.

पान फाडावेसे वाटले. फाडले नाही. त्यात मोठेपणा नाही. पाठीमागे आईच्या श्राद्धाची टिपणे आहेत.

आषाढ व. ७

भिवबा आला. ओट्यावर बस म्हटले तर खालीच बसला, जोडे बाजूला काढून.

"आमच्यावर दरख्वास्त गेलीया म्हनं. उलटी लिवून द्या."

मी म्हणालो, ती मीच लिहिली.

"ते ठाव हाय की. हितं दुसरं कोन लिवतंय?"

मग माझ्याकडेच का आलास, विचारले.

"जायाचं कुटं? तुमी लई चांगलं लिवता म्हनत्यात. त्यांचं लिवलं तसंच आमचंबी चांगलं लिवा."

लिहिली. शेळी तरवड खात नाही. मुळे गुत्तेदाराच्या माणसांनी खणली. गुत्तेदाराचे नाव घालायला जागा मोकळी सोडली होती. मराठीत वाचून दाखवताना तिथे अडखळलो. त्याला अक्षर येत नाही, पण अडखळणे कळले.

"कावून थांबलाव? हितं काय ऱ्हायलं?"

माझे नाव, म्हणालो.

त्याने त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले. "नगा घालू. तुमाला काई झालं तर फुडची दरख्वास्त कोन लिवील?" आणि हसला.

नाव घातले नाही. त्याने नको म्हटले म्हणून नाही घातले, असे म्हणण्याची सोय झाली. कागद इतक्या घाईने मिटला की शाई पलीकडे उमटली.

श्रावण शु. १०

पाटलांकडे गेलो. गावाची दरख्वास्त मागे घ्यावी, खरे काय ते कळवावे, असे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "आण्णा, खरं समद्यांनाच ठाव हाय. ते सांगून नवीन काय व्हनार? पाटी-कोयता घिऊन बाया उद्या कुनाच्या दारात जातील, ते तेवढं सांगा."

मी उठलो.

परतताना बारवेपाशी थांबलो. बाया गाळ उपसत होत्या. सोनाबाईने फावडे पुढे केले. "घ्या की हातात. बघून निगत न्हाई त्यो." घेतले. तासाभरात तळव्याला फोड. बायांनी पाहिले आणि आपसात काही बोलल्या; मला ऐकू येऊ दिले नाही.

श्रावण व. ४

जंगलात खात्याचे अमीन साहेब मुआयन्याला, म्हणजे जागेच्या पाहणीला, आले. वयाने तरुण, हैदराबादचे. वाटले, चावडीवर बसून उरकतील. पण आधी डोंगर चढले. आम्ही सगळे मागे, पाटील धापा टाकत. वर एका खडकावर बसून दोन्ही कागद मांडीवर पसरले, बराच वेळ वाचले.

"दोनों तो एक ही कलम की हैं."

आता मात्र सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी सांगितले: दोन्ही माझ्याच हातच्या. पहिली खोटी, दुसरी अर्धी. गुत्तेदार मी. मुळे माझ्या चिठ्ठीवरून निघाली. हे बोलण्याची मी पुष्कळ तयारी केली होती. प्रत्यक्षात आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी पुन्हा सांगायला लावले. दुसऱ्यांदा ते जास्त वाईट वाटले.

पाटील हटेनात. शेळ्या तरवड खातात म्हणजे खातात. साहेबांनी भिवबाची एक शेळी आणवली, उरल्यासुरल्या झुडपाची डहाळी तिच्या तोंडापुढे धरली. तिने मान फिरवली.

"पोट भरलंय तिचं, सायेब," पाटील म्हणाले.

सगळे हसले. भिवबासुद्धा. तेवढ्यापुरते आम्ही सगळे एका गावचे झालो.

मग हुकूम. डोंगर कोणी उजाड केला ते समजले, साहेब म्हणाले. पण आता गवत धरायला हवे, कोवळे कोंब वर यायला हवेत, त्यावर खूर नकोत. पाच वर्षे चराई बंद. मला विरोध करता आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिले असते. भिवबाला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्याने एकदाच विचारले, "मंजी आमी खरं, आन् आमालाच बंद?" मी हो म्हणालो.

डोंगराची उत्तरेकडची बाजू अजून शाबूत आहे. तिचा गुत्ता थांबवणे साहेबांच्या हाती नाही; वरून हुकूम आहे, हर्रास म्हणजे लिलाव होणारच. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, आपण घेतला तर मुळे राखाल. नाही घेतला तर बाहेरचा कोणी घेईल. भाद्रपद शु. नवमीला शिपाई पाठवतो, लेखी कळवा.

माझ्या खरे बोलण्याने एकाही मेंढीला गवताची काडी मिळाली नाही. मी मात्र उतरताना हलका होऊन उतरलो. हे बरोबर झाले नाही.

भाद्रपद शु. २

भिवबाचा वाडा उठला. गोदावरीच्या अंगाला, तळवाड्याकडे जातो म्हणाला. तिकडचे शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. पाच वर्षांनी येशील ना, विचारले. हे विचारायला नको होते.

निघताना त्यानेच गुत्त्याची गोष्ट काढली. "घ्या तुमी." का म्हणून, विचारले. तो म्हणाला, "तुमी असल्यावर भांडाया मानूस तरी ठाव असतो. भायेरच्याला कुटं धुंडायचं?"

मेंढ्या पुढे गेल्या होत्या. तो घाईने गेला.

भाद्रपद शु. ९

शिपाई सकाळपासून ओट्यावर बसला आहे.

घेतला तर मुळे राखीन. वैशाखातही राखणारच होतो. नाही घेतला तर माझ्या नावाला डाग नाही, आणि उत्तरेची बाजू कोणा अनोळखी माणसाची. पहिले मी डोंगरासाठी म्हणतो आहे की सवयीने? दुसरे तत्त्व म्हणून की भीतीने? दोन्हीकडून विचार केला की दोन्ही खरे वाटते. हेच माझे दुखणे असेल.

सौ.ला विचारले. भाजी निवडताना मान वर न करता म्हणाली, "अहो, कुणाला तोंडावर नाही म्हणताना मी तुम्हाला अजून पाहिले नाही. ते जमत असेल तर घ्या."

मग सोनाबाई आली, मागे दोघी-तिघी. तिच्या शेतातला मुरूम अजून निम्मा तसाच आहे, यंदा पेरणी नाही. उत्तरेच्या बाजूचे काम निघणार का, कोयत्यांना धार लावून ठेवायची का, हे विचारायला आल्या. मी म्हणालो, काम निघालेच तर बुडखा राखायचा. गुडघाभर. मुळाला हात लावायचा नाही.

"आमाला कावून सांगता, आण्णा? आमी बुडखा राखूनच तोडत आलाव. तुमचा कागद आला तवा खनलं."

त्या गेल्या. ओट्यावर शिपाई दोनदा खाकरला. लिहायला घेतो.