गावरान गुलाबाची काडी

गुरुजी,

तुम्ही चौथीच्या आख्ख्या वर्गासमोर मला म्हणाला होतात, "तुझ्या हाताला काई लागायचं न्हाई." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तक्रार करायची तरी कुणाकडं. पण मी विसरणाऱ्यातली नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. साठी उलटली, नोकरी संपली, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, तरी ते वाक्य जागचं हललेलं नाही. त्याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून आज लातूरच्या घरी, गच्चीवर पाट टाकून लिहायला बसले आहे. समोर एक कुंडी आहे. कुंडीत गावरान गुलाबाची काडी आहे. ती काडी तुमची आहे. कशी, ते सांगते.

चाकूरच्या पलीकडची आपली ती दोन खोल्यांची शाळा. दिवाळीची सुट्टी संपली की तुम्ही शाळेच्या फाटकाजवळच्या गुलाबाच्या काड्या कापून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचा. फिकट गुलाबी फूल, रूपानं साधंच, पण एक उमललं तरी वास सगळ्या वर्गाला पुरायचा. प्रत्येक पोराला एक काडी. खाली तिरपा काप द्यायचा, वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावायचा म्हणजे काडी वरून वाळत नाही. आपापल्या डब्यात लावून झाल्यावर तुमचा हुकूम, "आता सव्वा महिना कुणी हात लावायचा न्हाई." सगळ्यांनी पाळला. मला कुठला दम निघतो? दुसऱ्या दिवशी सगळे खेळायला गेल्यावर मी काडी उपटून बघितली. काही नव्हतं. परत खोचली. तिसऱ्या दिवशी परत. आठव्या दिवशी तिला दोन कोंब फुटले तेव्हा मी शाळाभर सांगत सुटले. पंधराव्या दिवशी कोंब काळे पडले. तुम्ही डबा उचलला, काडी दोन बोटांत धरली, ती अलगद वर आली. तुम्ही म्हणालात, "पान काडीच्या अंगातल्या बळावर फुटतं. पानावर जाऊ नये. मूळ आलं तर खरं. आणि रोज उपटून बघितल्यावर मूळ येईल कुठून?" मग ते वाक्य. वर्ग खदाखदा हसला. माझ्या शेजारी पट्टीवर बसणारी, जिची काडी पुढं सगळ्यांत आधी लागली, तिनं माझं नाव ठेवलं, उपटी. सातवीपर्यंत तेच नाव चाललं. वर्ग बदलले, नाव नाही बदललं.

त्या दिवशी तुम्ही मला रोपांवरून काढून शाळेमागच्या खताच्या खड्ड्यावर घातलं. शेण, पालापाचोळा, खडूची भुकटी, काय काय. घरी जाऊन मी सांगितलं आणि माय पेटली. तिच्या सासऱ्यानं, माझ्या आज्यानं, धर्म बदलला तेव्हाच गावकीची घाण उचलायचं सोडलं होतं, त्यापायी मार खाल्ला होता. दुसऱ्या दिवशी खुरपणीला न जाता माय शाळेत आली. पदर खोचलेला, आवाज चढलेला. "गुरुजी, समद्या शाळेत शेणात हात घालायला माझीच लेक सापडली का?" तुम्ही खडू खाली ठेवला. तुमचं तोंड तसं पडलेलं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. मग म्हणालात, "बाई, माझ्या डोक्यात ते आलं न्हाई. यायला पाहिजे होतं." दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा तुम्ही धोतर वर खोचून स्वतः खड्ड्यात उभे होता, आणि फळ्यावर पाळ्या लिहिलेल्या होत्या. सगळ्या पोरांच्या. पहिलं नाव तुमच्या स्वतःच्या मुलाचं. माय त्याही दिवशी मला सोडायला आली होती. तिला फळा वाचता येत नव्हता, मी वाचून दाखवला. ती घरी जाताना म्हणाली, "मानूस हाय." तिच्याकडून एवढं प्रमाणपत्र कुणाला मिळालं नाही, माझ्या बापालासुद्धा.

गंमत अशी की माझी पाळी नसतानाही मी खड्ड्यावर जायला लागले. तिथं उकरून बघायची मनाई नव्हती. उलट तुम्हीच म्हणायचा, आठवड्याला खालवर कर, हात घालून बघ, गरम लागतंय का. माझ्यासारखीला तेच पाहिजे होतं. ओला थर, सुका थर, ओला, सुका. मूठ दाबून बघायची. पाणी गळलं तर ओल जास्त, लाडू वळून बोटानं फुटला तर बरोबर. आणि खत पिकलं का ते ओळखायची तुमची ती डब्याची खूण. मूठभर खत झाकणाच्या डब्यात तीन दिवस कोंडायचं. झाकण काढल्यावर नाक मुरडावं लागलं तर कच्चं, मुळं जाळील. पाऊस पडून गेल्यावरच्या शेताचा वास आला तर पिकलं. सहावीत एकदा तुम्ही माझा डबा हुंगून दुसऱ्या वर्गावर नेऊन दाखवलात. मला काही बोलला नाहीत. बोलला असतात तर काय बिघडलं असतं, गुरुजी?

पुढं मी नर्स झाले. आयुष्यभर सुया टोचल्या, आणि लोक म्हणायचे, सिस्टर, तुमच्या हाताला गुण आहे, टोचलेलं कळत नाही. मी मनात म्हणायची, चाकूरकडच्या एका माणसाला येऊन सांगा. पण रोप मात्र एक लावलं नाही. क्वार्टरमध्ये नाही, स्वतःच्या घरात नाही. खत केलं. गच्चीवर तीन ड्रम, भाजीची देठं, बागेतला पालापाचोळा, डाळ मिलमधून आणलेली तुरीची टरफलं. झालेलं खत शेजारीपाजारी वाटून टाकायची. शाळेची नवी इमारत झाली, अंगणात फरश्या बसल्या आणि फाटकाजवळचा गुलाब गेला असं कळलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही. त्याची एक काडी मागायची मागायची म्हणत राहून गेली होती. मागणार कुठल्या तोंडानं, तुमचं ते वाक्य आडवं यायचं.

यंदा दिवाळीनंतरच्या एका रविवारी इथल्या एका बागेत रोपांची अदलाबदल ठेवली होती. मोबाइलवर निरोप फिरत होता, रोप द्या, रोप न्या, पैशाचं नाव काढू नका. मी ऑटोत चार पोती खत टाकलं आणि गेले. तिथं तुळस, गवती चहा, कोरफड, शेवंतीचे फुटवे, सगळं मांडलेलं. एक बाई मनीप्लांट घेऊन बसली होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "हा मागून लागत न्हाई, चोरूनच न्यावा लागतो. मी तिकडं बघते, तुम्ही उचला." आणि खरंच मान वळवून बसायची. मला मात्र दारातच अडवलं. यादी करणारी पोरगी म्हणाली, "काकू, रोप कुठंय?" मी म्हटलं, "रोप न्हाई. खत हाय." तिनं पोत्याकडं बघून ओढणी नाकाला लावली. वास बिलकुल नव्हता, गुरुजी, पण नावच असं आहे की नाक आधी बंद होतं. मला कोपऱ्यात, चपला काढायच्या जागेशेजारी बसवलं. तासभर कुणी फिरकलं नाही. मला पदर खोचून शाळेत आलेली माय आठवली आणि मस्तक फिरलं. डबा आणला होताच, तीन दिवस कोंडलेला. उठले, मधोमध जाऊन उभी राहिले आणि झाकण काढलं. म्हटलं, "घ्या हुंगून. ज्याला घाण वाटंल त्यानं तोंडावर सांगावं."

अर्धापूरकडून एक शेतकरी केळीची पिल्लं घेऊन आला होता. त्यानं डबा घेतला, हुंगला, चिमूट तळहातावर चोळली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, हे खत न्हाई, हे सोनं हाय. कुंडीला केळ लावायची तर हेच पाहिजे." त्यानं तीन पिल्लं माझ्यापुढं ठेवली आणि एक पोतं उचललं. मग काय विचारता. रांग लागली. घमेलंभर खताला एक रोप असा भाव मी पुकारला. ओढणीवाली पोरगी स्वतः पिशवी घेऊन रांगेत. माझ्याभोवती रोपांचा ढीग झाला आणि त्यातलं मला एकही नको होतं, सगळी तिथंच वाटून टाकली. उकिरड्याचीसुद्धा दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. माझ्या उकिरड्याला पन्नासच्या वर लागली, पण फिटली.

शेवटचं पोतं उरलं तेव्हा एक बाई ओल्या फडक्यात काहीतरी घेऊन समोर आली. फडकं सोडायच्या आधीच मला वास आला. सुकलेलं एकच फूल होतं, पण तो वास ओळखायला मी चुकणार नाही. मी वर बघितलं, तिनं मला बघितलं, आणि म्हणाली, "उपटी?"

तीच. पट्टीवरची शेजारीण. चौथीतली तिची काडी तिनं लग्नात निलंग्याला नेली होती, तिथून लेकाबरोबर लातूरला आणली. आता बोअरच्या पाण्यानं माती दगड झाली होती, झाड वाळत चाललं होतं. तीन जित्या काड्या कापून ती आली होती, ज्याच्या हाताला गुण आहे त्याला द्यायला, निदान वाण तरी राहावं म्हणून. दोन देऊन झाल्या होत्या. मी हात पुढं केला तर तिनं फडकं मागं घेतलं. "तुला न्हाई. तू मारशील."

"आन् तुझ्या झाडाला खत पाहिजे का न्हाई?"

"पाहिजे."

"मग पोतं तुझं, काडी माझी."

तिनं पोत्याचं तोंड सोडून मूठभर खत हुंगलं. शेवटी म्हणाली, "गुरुजींची शपथ घे. सव्वा महिना उपटायची न्हाई." भर बागेत, केळीवाल्यासमोर, मी तुमची शपथ घेतली. तिनं खत कसं, किती घालायचं ते तीनदा विचारून घेतलं, माझ्याकडून, जिची काडी वर्गात पहिली लागली होती तिनं.

काल तिचा फोन आला. बुडातून पाच नवे धुमारे आलेत. "तुझं खत लागलं गं," म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. गुरुजी, तुम्ही चुकलात. लागतं माझ्या हाताला.

माझ्या काडीला चार पानं आली आहेत, पण पानावर जाऊ नये हे मला पाठ आहे. हात शिवशिवत होता, त्याला काम पाहिजे म्हणूनही हे पत्र. टाकायचं कुठं, हा प्रश्नच नाही. ड्रममध्ये काल भाजीचा ओला थर पडलाय, वर सुका द्यायचाय, त्याला कागद चांगला, हे तुमचंच शिकवणं. फाडून त्यातच घालीन.

तेवढं एक राहिलं. सव्वा महिना व्हायला अजून नऊ दिवस आहेत. आज सकाळी चहा ठेवला आणि तो उकळायच्या आत मी गच्चीवर येऊन काडी उपटली. एकदाच. बुडाला तीन मुळं होती, पांढरी, शिवणाच्या दोऱ्याएवढी. लगेच परत लावली, पाणी घातलं, सावलीत सरकवली. जिनं शपथ घ्यायला लावली तिला हे सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.