चार सेकंदांचे काजवे

कामिदाइरा,
१९ जून

प्रिय चिनात्सू,

नव्या वर्षाला तुझं पोस्टकार्ड आलं, त्याला नीट उत्तर द्यायचं म्हणता म्हणता जून उजाडला. शाळा सोडल्यापासून तू एकही वर्ष चुकवलं नाहीस. मी मात्र शुभेच्छांचं तेच वाक्य लिहितो आणि पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या कवितेची शेपटी जोडून मोकळा होतो. आज कविता नाही. वही उघडली होती, पण कुठलीच ओळ आपली म्हणवेना.

शाळेत आता अकराच मुलं उरली आहेत. तरी संध्याकाळी पुलावर जाऊन काजवे मोजायची पद्धत चालू आहे. मीही काठी टेकत मागे मागे जातो. परवा पहिलीतल्या एकीने विचारलं, "आजोबा, तुम्ही कधीपासून मोजताय?" म्हटलं, "तुझ्या आईचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून." सगळी खिदळली. मुलं हसली की मला अजून बरं वाटतं. एकदा अशाच हसण्यासाठी मी काय केलं, ते सांगायला बसलो आहे.

तुमचा वर्ग आठवतो? पाचवीत होतात. ओढ्याकाठच्या शेवाळावरून आपण काजव्यांची अंडी आणली, विज्ञानाच्या खोलीतल्या टाकीत अळ्या वाढवल्या. त्यांच्यासाठी काळ्या गोगलगाई लागायच्या. तू आणि मोरिमासा बर्फासारख्या पाण्यात दगड उलथत बसायचात. बोटं लाल व्हायची, तर तू ती काखेत दाबून म्हणायचीस, "गुरुजी, ह्यांना भूक लागलीय, आपलं काय!" मी तुम्हाला एकच मंत्र दिला होता: बघा, मोजा, जे दिसलं तेच लिहा. नोंदींच्या तक्त्यावरही तो माझ्याच अक्षरात होता.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. हिवाळ्याच्या सुट्टीत टाकीकडे बघायची पाळी माझी होती. शेगडीजवळ बसून मी सहावीच्या निरोपासाठी कविता लिहीत होतो. हवेचा पंप घुरघुरत होता आणि दुसरं कडवं काही जमेना. मी पंप बंद केला. कडवं जमलं. त्या आनंदात दिवा मालवून घरी गेलो तो चार दिवसांनी परतलो. तीनशे अळ्या तळाशी काळ्या पडून होत्या. ती कविता छापूनही आली, चिनात्सू. तुम्ही ती पाठ म्हटलीत.

अळ्या मेल्या एवढं सांगायचं होतं. तुम्ही रडला असतात आणि पुन्हा अंडी आणली असती. पण जिल्ह्याच्या प्रदर्शनात आपलं नाव गेलं होतं, आणि तुमच्या डोळ्यांत मी कधी न चुकणारा गुरुजी होतो. मी देशाच्या पश्चिमेकडच्या एका विक्रेत्याकडून तीनशे अळ्या मागवल्या. शाळा उघडायच्या आत टाकी भरली. मार्चमध्ये तुम्ही त्या ओंजळींनी ओढ्यात सोडल्यात. "जा गं, नीट जा," असं तू त्यांना सांगितलंस.

आणि जूनमध्ये, पुलावर, सगळे नुसते "वा, वा" करत असताना तू एकटी मोजत होतीस. म्हणालीस, "गुरुजी, हे आपले नाहीत. आपले चार मोजेपर्यंत थांबतात. हे दोनालाच लुकलुकतात." मी म्हटलं, "चिनात्सू, जेवायची घाई तुला झालीय, काजव्यांना नाही." केवढे हसले सगळे! मोरिमासा ओरडला, "घाईबाई!" ते नाव तुला वर्षभर चिकटलं.

घरी जाऊन पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: जात एकच, पण पूर्वेकडचे काजवे चार सेकंदांनी चमकतात, पश्चिमेकडचे दोन. दुसऱ्या दिवशी तू बाबांच्या लॉजमधलं अंडी उकडायचं घड्याळ घेऊन आलीस. मोजलंस. दोन. मला सगळं ठाऊक असताना मी म्हणालो, "स्वयंपाकघरातली घड्याळं अशीच असतात." आणि तू गेल्यावर तक्त्यावरचा तुझा दोनाचा आकडा खोडून त्या जागी चार लिहिला. त्या तक्त्याला बक्षीस मिळालं. तू त्यानंतर पुलावर फारशी आली नाहीस. आलीस तरी मोजलं नाहीस. माझ्या ते लक्षात आलं होतं, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

या वसंतात संग्रहालयाचा एक तरुण गेल्या वर्षी गोळा केलेल्या काजव्यांच्या तपासणीचा अहवाल घेऊन आला. आपल्या ओढ्यात आता सगळे पश्चिमेकडचेच. वरच्या झऱ्यापाशी थोडे जुने उरले असतील, नसतीलही. गेल्या आठवड्यात समाजमंदिरात बैठक झाली. आणले कोणी, यावर चर्चा कसली, सगळ्यांचं ठरलेलंच होतं. "त्सुगानेच्या लॉजशिवाय कोणाला गरज होती? पाटीवरसुद्धा काजवाच रंगवलाय," असं कोणी तुझ्या बाबांकडे बघत म्हणालं. दुसरा म्हणाला, "गिऱ्हाईक वाढलं ना तामोत्सू, मग आता बोल की!" तुझे बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "मी आणले नाहीत." कोणी ऐकून घेतलं नाही. मग अध्यक्षांनी मला विचारलं, "गुरुजी, तेव्हा शाळेत तुम्हीच होतात. तुम्हाला काही आठवतं?"

मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट आहे हो. आता काय आठवणार?"

अकरा वर्षांच्या मुलीपुढे भ्यालो होतो, त्याला निदान उमेदीच्या वयातली घमेंड म्हणता आलं असतं. आता शहात्तर वर्षांचा आहे. हरवण्यासारखं काय उरलं आहे माझ्याकडे? शाळेच्या भिंतीवरची एक तसबीर.

बाहेर पाऊस होता. बाबांनी त्यांची छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतःचा एक खांदा भिजू देत मला घरापर्यंत सोडलं. वाटेत म्हणाले, "लोकांचं काही नाही, गुरुजी. पण चिनात्सूलाही तसंच वाटतं. कॉलेजात ती दोन-चार सेकंदांची गोष्ट शिकून आली आणि थेट विचारलं तिने, बाबा, तुम्हीच विकत आणलेत ना? मी नाही म्हटलं. तर म्हणाली, निदान मला तरी खरं सांगा. बावीस वर्षं झाली. येते, आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावते, माझ्या हातचं न जेवता संध्याकाळच्या बसने जाते." मग म्हणाले, "तुम्हाला कार्डं पाठवते ना? तुमच्या शब्दाला मान देते ती. तुम्ही एकदा लिहाल का तिला?"

त्यांच्या मनात तेव्हाही माझ्याबद्दल संशय नव्हता. मी "लिहितो" म्हणालो आणि पुढचे पाच दिवस लिहिलं नाही.

आज सकाळी लॉजवर गेलो. ते तांदूळ धूत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पंप, अळ्या, तक्ता, बैठक. त्यांचे हात पाण्यात तसेच राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "एकतीस वर्षं, गुरुजी." मी जमिनीला डोकं टेकवलं. ते म्हणाले, "मला नको. तिला सांगा." आणि आत निघून गेले. अध्यक्षांकडे मी तिथूनच गेलो. रविवारी मुलांसमोर आणि गावासमोर सांगायचं ठरलं आहे. पण गावाच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र आजच्याच टपालाने जाईल. क्षमा मागत नाही. माझ्याकडे कार्ड आलं नाही तरी मी समजेन. तुझे बाबा बावीस वर्षं तुला खरं तेच सांगत होते, एवढंच तुला कळवायचं होतं. वाचून झालं की त्यांना फोन कर. नंबर तोच आहे. त्यांचे गुडघे धरतात, उठून यायला वेळ लागतो. बराच वेळ वाजला तरी ठेवून देऊ नकोस.

तुझा गुरुजी म्हणवून घ्यायला लाजणारा,
इसोगाई